येशूनं पाणी मागितलं, तुम्ही जात मागता

दोस्तहो, मी ख्रिस्ती नाही. 22 प्रतिज्ञा घरात ऐकत वाढलेला बौद्ध आहे. तरी आज चर्चबद्दल बोलणार. कारण गोदीत माझ्या टोळीतला एक दोस्त ख्रिस्ती आहे, आणि त्याच्या खांद्यावरचा घट्टा नि माझ्या खांद्यावरचा घट्टा एकाच पोत्यानं पाडलाय.

त्याचा पणजा नगरकडच्या महारवाड्यातला. 1831 साली अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरात ठाणं मांडलं. पुढं महार-मांगांची घरंच्या घरं बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडली. त्यांना काय मिळालं ते मी नाकारत नाही. अक्षर मिळालं. दवाखाना मिळाला. ज्याची सावली चालत नव्हती त्याला कुणीतरी हाताला धरून बाकावर बसवलं. हे ज्याला क्षुल्लक वाटतं त्यानं एक दिवस उंबऱ्याबाहेर उभं राहून बघावं.

पण परवा दोस्तानं सांगितलं ते ऐका. त्याच्या मंडळीत तरुणांची सभा होती. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले होते. सिनेमा पाहावा का? दारू प्यावी का? दशांश पूर्ण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या रकमेवर? पाळकसाहेबांनी सगळ्यांना वचन काढून उत्तरं दिली. याची चिठ्ठी होती: 'आपल्यात लग्न जुळवताना पूर्वीची जात का विचारतात?' याच्या बहिणीचं लग्न त्याच प्रश्नावर मोडलेलं. पाळकांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात घातली. म्हणाले, यासाठी आपण प्रार्थना करू.

च्यायला! दारूला वचन सापडतं, सिनेमाला सापडतं, आणि जातीला फक्त प्रार्थना?

मी बायबल उघडलं. वचन शोधावं लागत नाही, अंगावर येतं. योहानाच्या शुभवर्तमानाचा 4था अध्याय. येशू दमून विहिरीवर बसलाय. शोमरोनी बाई पाण्याला येते. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. हा तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. तीच दचकते, तू यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडं कसं मागतोस? अरे, हा तर आपला महाड! 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. इथं तोच सत्याग्रह दुसऱ्या टोकाकडून. वरचा माणूस खालच्याच्या हातचं पाणी मागतोय.

पुढं पौलाचं करिंथकरांना पत्र वाचा. तिथली मंडळी प्रभुभोजनाला जमायची. पैसेवाले आधीच जेवून घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे. पौल त्यांना सोडत नाही. सुनावतो की हे प्रभूचं भोजनच नाही. म्हणजे एका पंक्तीत बसणं ही येशूच्या माणसांची परीक्षा होती, आणि तिच्यात लोक तेव्हापासून नापास होत आलेत.

इथले तर मेल्यावरही नापास. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कबरस्तानात दलित कबरी वेगळ्या करणारी भिंत उभी राहिली. प्रेत कुजतं, जात कुजत नाही. 2016 साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलितांविषयीचं धोरण छापलं आणि चर्चमध्ये जातिभेद चालतो हे स्वतःच कबूल केलं. 2022 साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. पहिला दलित कार्डिनल. चांगलं झालं. पण एवढी शतकं काय करत होता?

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यांच्या समग्र लेखनाच्या 5व्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवरचं लिखाण आहे, 1989 साली छापलेलं. त्यांचा सवाल रोखठोक आहे. धर्मांतरानं या माणसाची जात गेली का? आणि दुःखाचं मूळ पापात आहे असं शिकवल्यावर तो अन्यायाविरुद्ध उठेल कसा? माझा दोस्त उठला, तर त्याची चिठ्ठी खिशात गेली.

आता सरकारकडं या. 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. 3रा परिच्छेद. हिंदू नसशील तर तू अनुसूचित जातीचा नाहीस. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दाराबाहेरच. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा एक ख्रिस्ती माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. इतर चपला शिवणाऱ्यांना सरकारनं फुकट टपऱ्या दिल्या, याला धर्मामुळं नाकारली. 1985 साली कोर्टानं त्याची मागणी फेटाळली. नव्या धर्मातही जातीचा जाच तसाच आहे याचा पुरावा पुरेसा नाही म्हणे. आरीला धर्म असतो काय? चामड्याचा वास बाप्तिस्म्यानं जातो काय?

म्हणजे चर्च म्हणतं, आमच्यात जात नाही, आणि पाळते. सरकार म्हणतं, तुमच्यात जात नाही, आणि सवलत नाकारते. या दोन थापांच्या मध्ये माझा दोस्त चिरडतोय.

आणि तिसरे आपण. नाक्यावर आपलीच पोरं म्हणतात, 'किरिस्ताव झाले, मिशनचं दूध प्याले, आता आमच्या ताटात हात कशाला?' लाज वाटू द्या. 14 ऑक्टोबर 1956 ला आपले आजे नागपुरात दीक्षा घेऊन उठले, आणि केंद्राच्या सवलतींचं दार आपल्याला 1990 साली उघडलं. 34 वर्षं! तेव्हा आपल्यालाही हेच ऐकवत होते, धर्म सोडलात ना, मग जात कशाला सांगता? जे दार आपण धडका मारून उघडलं ते आत शिरून आपणच लावून घ्यायचं?

ताट अपुरं पडेल ही भीती खोटी नाही. मीही त्याच ताटातला आहे. पण मग ताट मोठं करायला भांडा. माणसं वाढतील तसा वाटा वाढवा, असं सरकारला ठणकावून सांगा. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 सालीच शिफारस केली की हा 3रा परिच्छेद काढून टाका. ती शिफारस धूळ खात पडली. 2022 साली आणखी एक आयोग नेमला. आयोगावर आयोग नेमायचे आणि माणूस रांगेत उभा ठेवायचा, ही जुनीच चाल.

पाळकसाहेब, तुमच्या येशूशी माझं भांडण नाही. सुताराचा पोरगा तो, कष्टकऱ्यांच्या पंक्तीत बसलेला. माझं भांडण तुमच्या खिशातल्या चिठ्ठीशी आहे. ती बाहेर काढा, भर उपासनेत वाचा आणि उत्तर द्या.

आणि दोस्तहो, ज्याच्या वाट्याला विटाळ आला तो आपला. अर्जाच्या रकान्यात त्यानं धर्म कुठलाही लिहिलेला असो.

जयभीम!