जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही



सहावीच्या सामान्य विज्ञानात 'साधी यंत्रे' हा पाठ आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू. मुलं व्याख्या पाठ करतात, आकृत्या काढतात आणि गुण मिळवतात. पण या पाठाचं एक झकास उदाहरण आपल्याच गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या शेजारी पडलेलं असतं. ते म्हणजे जॅक. माझं स्पष्ट मत आहे : हा पाठ जॅक दाखवून शिकवावा, आणि जॅक दाखवताना त्याचा धोकाही शिकवावा.

असं का म्हणते? रविवारी सकाळी जुहूतल्या एखाद्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये कुणीतरी टायर बदलत असतं, कुणी ऑइल कुठून गळतंय ते बघत असतं. शेजारी मूल पाना धरून उभं. मूल बघून शिकतंय, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बाबांनी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घातलं, तर मूल तेच शिकणार. मग आपण वर्गात काहीही सांगा.

आता यातलं विज्ञान बघू. छोट्या गाडीचं वजन साधारण ८०० ते १००० किलो असतं. एक चाक उचललं तरी जॅकवर दोन-अडीचशे किलोंचा भार येतो. तरी आपण एका हाताने दांडा फिरवतो आणि गाडी वर येते. दांडा कितीतरी वेळा फिरवावा तेव्हा गाडी थोडीशी उचलली जाते. म्हणजे यंत्र काम वाचवत नाही, लागणारं बल कमी करतं. आणि खरी मेख इथेच आहे. हाताला हलकं लागलं म्हणून गाडी हलकी होत नाही! हे वाक्य पुस्तकातल्या व्याख्येखाली मुलांना लिहून घ्यायला सांगा.

जॅकचं काम उचलण्याचं. स्क्रूचा जॅक अरुंद असतो, गाडी जरा सरकली की कलंडतो. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो, आतलं सील गेलं की खाली बसतो. म्हणून गाडीखाली जायचंच असेल तर भार जॅक स्टँडवर घ्यायचा. स्टँड नसेल तर खाली जायचं नाही. विटा रचून तर मुळीच नाही, कारण वीट न सांगता फुटते.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, जमीन. कुठे वाळू, कुठे हलणारे पेव्हर ब्लॉक, कुठे पार्किंगचा उतार. उतारावर जॅक लावूच नये. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी हवी. का, ते मुलांना जुहू चौपाटीवर दाखवा. एक वीट वाळूवर उभी ठेवा, दुसरी आडवी, आणि दोन्हींवर सारखाच भार द्या. उभी जास्त रुतते. दाब म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागणार नाही. दोन, खारी हवा. गाडीच्या खालचा पत्रा गंजतो. जॅक गाडीच्या माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा, आणि ती जागा गंजलेली नाही ना, हे आधी बघायचं.

टायर बदलण्याचा क्रमसुद्धा मुलांना नुसता सांगू नका, प्रत्येक पायरीला 'का?' विचारा.

हँडब्रेक लावूनही चाकाला दगड का लावायचा? कारण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचं चाक उचललं की त्याची पकड कमी होते. म्हणून जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड.

नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल का करायचे? कारण चाक हवेत असलं की ते फिरतं, आणि पान्याला दिलेल्या झटक्याने गाडी जॅकवरून घसरू शकते.

काढलेलं चाक गाडीखाली आडवं का सरकवायचं? जॅक निसटलाच तर गाडी चाकावर टेकेल, हातावर नाही.

काही पालक म्हणतील, "मॅडम, आमच्याकडे मेकॅनिक येतो, मुलांना हे कशाला?" अहो, मेकॅनिक प्रत्येक वेळी जवळ असेलच असं नाही. आणि तो येतो तेव्हा तरी स्टँड लावतो का, हे बघायला नको? त्याचाही जीव तितकाच मोलाचा आहे. शिवाय आपल्या वर्गात गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांची, ड्रायव्हरांची मुलं असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्यातल्या एका दिवशी अशा एखाद्या पालकांना वर्गात बोलवा. ते शिकवतील आणि त्यांचं मूल ताठ मानेने बसेल.

एक खबरदारी मात्र घ्या. मुलांनी जॅक हातात घेऊन बघावा, दांडा फिरवून बघावा, पण गाडी मोठ्यांनीच उचलावी आणि मुलं चार पावलं लांब उभी राहावीत.

पालकहो, पुढच्या वेळी गाडी उचलाल तेव्हा मुलाला हाक जरूर मारा. पण आधी दगड लावा, स्टँड लावा आणि ते का लावले ते त्याला सांगा. पाठ तिथेच होऊन जाईल.