मागे राहिलेल्यांचा अर्ज

वडगाव रासाई हे भीमेच्या काठावरचे गाव. नदीच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. ऊस, कारखान्याचा हंगाम, रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरे आणि गावात आपली मोजकी घरे, असे या पट्ट्यातल्या बहुतेक गावांचे चित्र. अशा गावात कोणावर कोयता चालला, कोणाचा खून झाला, तर पुढचे आठ दिवस कसे जातात ते सांगायला नको. पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होऊन मय्यत घरी येते, दफनविधी होतो, पाहुणे येऊन जातात. नवव्या दिवशी घरात एक बाई, तिची लेकरे, म्हातारे सासू-सासरे आणि किराण्याची उधारी एवढेच उरते. आरोपी सापडला का, हे सगळे विचारतात. या घराचे पुढे काय, हे विचारण्याचीही कायद्यात एक जागा आहे. ती आपल्यात फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून या महिन्यात तिच्याविषयी लिहितो.

ही जागा पोलीस ठाण्यात नाही आणि तहसील कचेरीतही नाही. ती न्यायालयाच्या आवारात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे तिचे नाव. पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे, आणि शिरूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, म्हणजे पहिली खेप पुण्यालाच घालायला हवी असे नाही. गुन्ह्यात बळी पडलेल्याला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना सरकारने भरपाई द्यावी, हे कलम २००९ च्या अखेरीस फौजदारी प्रक्रिया संहितेत लागू झाले. ते कलम ३५७ अ. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात तेच ३९६ व्या कलमात आहे. भरपाई किती द्यायची ते प्राधिकरण ठरवते, आणि चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण ही दोन महिन्यांची ओळ लक्षात असली की विचारायला जीभ उचलते.

आता आपल्या घरांतली पहिली अडचण. ती कागदाची नसते, मनाची असते. "खुनाचे पैसे घ्यायचे का? लोक म्हणतील, रक्त विकले." हे वाक्य मोठ्यांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकले आहे. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. दियत म्हणजे मारणाऱ्याकडून वारसांना मिळणारी रक्कम, आणि तिच्यामागे माफीचा प्रश्न असतो. विधी सेवा प्राधिकरणाची भरपाई आरोपीच्या खिशातून येत नाही. ती सरकार देते, कारण माणसाचा जीव राखणे हे सरकारचे काम होते. ती घेतल्याने कोणाला माफी मिळत नाही, खटला थांबत नाही, साक्ष कमजोर होत नाही. आपल्या देशाच्या कायद्यात खून हा तडजोडपात्र गुन्हाच नाही. वारसांनी माफ केले तरी खटला सरकार चालवतेच. तेव्हा ही रक्कम घेणे म्हणजे सुलह नव्हे. उलट तपासात आणि खटल्यात सहकार्य करावे अशीच या मदतीची अपेक्षा असते. गावकीने बसून "मिटवून टाका" म्हणत हातात ठेवलेले पैसे मात्र वेगळे. ते घेतले की साक्ष फिरवण्याचा दबाव मागोमाग येतो, आणि मग सरकारी मदतीवरही पाणी पडू शकते.

दुसरी अडचण इद्दतीची. चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडू नये म्हणून अर्ज राहून जातो, आणि मग तो राहूनच जातो. अर्ज द्यायला बाईने स्वतः न्यायालयात उभे राहिलेच पाहिजे असे नाही. तिच्या सहीचा किंवा अंगठ्याचा अर्ज सासरा, भाऊ, मुलगा नेऊन देऊ शकतो. विधी सेवेचे स्वयंसेवकही अर्ज भरून देतात. अगदी जावेच लागले, तर विधवेला गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभा फिकहमध्ये आहे. शंका असेल तर गावच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. पण त्या चार महिन्यांत कागद गोळा होणे थांबू नये.

कागदांची सुरुवात फिर्यादीपासून होते. भीमेच्या काठावरच्या गावांना यात एक खास त्रास आहे. भांडण नदीच्या कोणत्या बाजूला झाले, यावर शिरूरचे पोलीस की दौंड-यवतचे, अशी टोलवाटोलवी होऊ शकते. नव्या संहितेच्या १७३ व्या कलमाने हा वाद मिटवला आहे. हद्द कोणाचीही असो, समोर आलेली फिर्याद त्या ठाण्याने नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. फिर्यादीची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते. ती मागून घ्यावी आणि वाचावी. जखमा, हत्यार, वेळ, जागा यांत काही राहिले असेल तर तेव्हाच सांगावे.

जखमी माणसाच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला फार खटकते. पोलिसांचे लचांड नको म्हणून त्याला खासगी दवाखान्यात नेतात आणि डॉक्टरांना "मोटारसायकलवरून पडला" असे सांगतात. त्या दिवशी केसपेपरवर जे लिहिले जाते ते पुढे कोणालाही पुसता येत नाही. हात कायमचा गेला तरी कागदावर तो अपघातच राहतो. सरकारी दवाखान्यात खरे सांगितले की मारहाणीची नोंद होते, आणि भरपाईचा सगळा डोलारा त्या एका नोंदीवर उभा असतो. ठाणे अंमलदार किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर प्राधिकरण तातडीचे उपचार मोफत करण्याचा किंवा अंतरिम मदतीचा आदेशही देऊ शकते. त्यासाठी खटल्याच्या निकालापर्यंत थांबावे लागत नाही.

मृत्यूच्या दाखल्याचेही असेच. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस गावात गेला तर ग्रामपंचायतीत, ससूनमध्ये गेला तर पुणे महापालिकेत. कित्येक घरांनी ग्रामपंचायतीत खेटे घालून महिने घालवले आहेत. आणि नावे! रेशनकार्डावर शमीम, आधारवर शमीमबी, बँकेत शमीम शेख, निकाहनाम्यावर माहेरचे आडनाव. चारही एकच बाई आहे हे आपल्याला माहीत असते, टेबलामागच्या कारकुनाला नसते. प्रतिज्ञापत्र करून हे आधीच सरळ करून घ्यावे. बाईचे स्वतःच्या नावाचे बँक खाते नसेल तर ते आजच उघडावे, त्यासाठी कोणतेही संकट येण्याची वाट पाहू नये.

आरोपी सापडलाच नाही तर? सुटला तर? २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुण अभियंत्याचा जमावाने खून केला, हे आपल्या वाचकांपैकी कोणी विसरलेले नाही. २७ जानेवारी २०२३ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. मधल्या साडेआठ वर्षांत मुलाचा न्याय मागत वडीलही अल्लाहला प्यारे झाले. असे निकाल लागले की घरचे म्हणतात, आता काय उरले? भरपाईचा हक्क उरतो. खटला आरोपींच्या सुटकेत संपला तरी पीडिताचे पुनर्वसन आवश्यक वाटल्यास न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते, असे कलमातच आहे. आरोपी कोण हे कळलेच नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. आणि खटला चालू असेल तर सरकारी वकिलांना सांगावे की निकालात भरपाईची शिफारस मागा. न सांगता ते सुचेलच असे नाही.

दंगलीतल्या बळींसाठी दरवाजा वेगळा आहे, तो जिल्हाधिकाऱ्यांचा. दहशतवादी, जातीय-धार्मिक आणि नक्षली हिंसेत बळी पडलेल्या नागरिकांसाठी केंद्र सरकारची योजना २००८ पासून आहे. मृत्यू किंवा कायमचे मोठे अपंगत्व आल्यास तीन लाख, आणि २४ ऑगस्ट २०१६ नंतरच्या घटनांसाठी पाच लाख. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा-सणसवाडीत काय घडले ते शिरूर तालुक्याने डोळ्यांनी पाहिले. सणसवाडीत एका तरुणाचा जीव गेला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याच्या घरच्यांना दहा लाखांची मदत जाहीर केली. अशा मोठ्या घटनेत मदत जाहीर होते, कारण सगळ्यांचे डोळे तिकडे असतात. रात्री शेताच्या बांधावर मारल्या गेलेल्या एकट्या माणसासाठी कोणी काही जाहीर करत नाही. त्याच्या घरच्यांना अर्जच करावा लागतो.

आणि जाहीर झालेली मदतही पोहोचतेच असे नाही. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत ९०० माणसे मेली आणि १६८ बेपत्ता झाली. मृत आणि बेपत्ता दोघांच्याही घरच्यांना दोन लाख द्यायचे ठरले होते. तीस वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयासमोर हिशेब आला तेव्हा बेपत्तांपैकी फक्त ६० जणांच्या घरी पैसे गेलेले होते. उरलेल्या १०८ जणांच्या घरच्यांचा पत्ता लागला नव्हता किंवा कागद पुरे नव्हते. न्यायालयाने त्यांना शोधायला समिती नेमली आणि १९९९ पासून नऊ टक्के व्याजासह रक्कम द्यायला सांगितले. झोपडी मोडली, माणसे गावी गेली, भाड्याची खोली बदलली, आणि सरकारी यादीतला पत्ता तसाच राहिला. म्हणून आम्ही सांगतो, अर्जावर गावाकडचा एक पक्का पत्ता आणि दोन नातेवाइकांचे फोन लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

लेकीबाळींचे प्रकरण असेल तर पाऊल आणखी लवकर उचलावे. बलात्कार, लहान मुलांवरील अत्याचार, ॲसिड हल्ला यांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. २०१७ पासून तिचेही काम विधी सेवा प्राधिकरणाकडे आले आणि मदतीची कमाल मर्यादा दहा लाखांवर गेली. ॲसिड हल्ल्यात एक लाख रुपये पंधरा दिवसांत आणि आणखी दोन लाख पुढच्या दोन महिन्यांत द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे. अशा जखमींवर पहिले उपचार खासगी रुग्णालयानेही मोफत करायचे आहेत. नाव गुप्त राहते. इज्जतीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या घरांनी ही शेवटची गोष्ट दोनदा वाचावी. स्त्रियांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत अर्जाला घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण तीन वर्षे आहेत म्हणून निवांत राहणाऱ्यांची फाईल तीन वर्षांनीच निघते.

पैसे आले की घरात दुसरा प्रश्न उभा राहतो. थोरले म्हणतात, विरासतीप्रमाणे वाटू. प्राधिकरण ही रक्कम मयताचा तरका म्हणून देत नाही, त्याच्यावर कोण अवलंबून होते ते पाहून देते. बायको, मुले, आई-बाप यांच्यापैकी ज्याच्या नावे आदेश त्याची रक्कम. राष्ट्रीय योजनेत पंचाहत्तर टक्के रक्कम किमान तीन वर्षे ठेवीत राहते, अल्पवयीन मुलाची ऐंशी टक्के तो सज्ञान होईपर्यंत. यावर घरोघरी कुरकूर होते. आम्हाला ही अट चांगली वाटते. चुलत्याच्या जीपच्या हप्त्यात अनाथाचे पैसे जाण्यापेक्षा बँकेत कुलूप बरे.

वकिलाची फी हा अडसर नाही. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायद्याखाली वकील मोफत मिळतो. "अमुक टक्के द्या, काम करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच सलाम करावा. १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. अर्ज नाकारला किंवा रक्कम फार कमी वाटली तर अपील करता येते. त्याची मुदत थोडी असते, तेव्हा आदेश हातात पडल्या दिवशीच कोणा वाचणाऱ्याकडून तो वाचून घ्यावा आणि मागच्या बाजूला मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी.