टिंग! टाकी भरली...

सोमवार. सकाळचे पावणेदहा. कॉन्फरन्स रूममध्ये बॉस क्वार्टरचे आकडे दाखवतोय आणि माझा मोबाइल टेबलावर थरथरायला लागतो. टिंग! ‘टाकी भरली.’ टिंग! ‘टाकी भरली.’ टिंग, टिंग, टिंग! चार मिनिटांत एकेचाळीस वेळा ‘टाकी भरली’. सगळे माझ्याकडे बघतायत. बॉस म्हणाला, ‘मॅडम, कुठली टाकी?’

सांगते.

टाकी साताऱ्याची. आमच्या घराच्या गच्चीवरची. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच असतात. हौदातलं पाणी मोटरनं वर चढवायचं आणि टाकी भरली की नाही ते बघायला जिना चढायचा, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. मागच्या पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरला. नशिबानं मनगटावरच निभावलं. पण पुण्यात बसून माझी झोप उडाली ना!

इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘ताई, ऑटोकट बसवून टाकतो. मोटर आपोआप बंद.’ सोप्पं! पण बाबांनी साफ नकार दिला. ‘मोटर मी लावतो, मीच बंद करणार. आता तेवढंही काम काढून घ्या माझं!’ विषय संपला.

मग मी ईएसपी८२६६ आणला. घाबरू नका, चार-पाचशेच्या आतला बोटभर बोर्ड आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही वाय-फाय चिप २०१४ मध्ये बाजारात आली आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती डोक्यावर घेतली. टाकीत फ्लोट स्विच, त्याची वायर चिपला, चिप घरच्या वाय-फायला. एकच टीप : हिला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय कळतं, ५ चं नाही. माझा एक अख्खा शनिवार यात गेला, तुमचा जाऊ नये.

आता गंमत बघा. चिप तुमच्या फोनला थेट हाक मारू शकत नाही. फोन कधी घरच्या वाय-फायवर, कधी ऑफिसच्या, कधी एसटीत नुसत्या डेटावर. त्याचा पत्ताच सारखा बदलतो. म्हणून फोन स्वतःच गूगलच्या नाहीतर ॲपलच्या सर्व्हरशी एक लाइन कायम उघडी ठेवतो आणि सगळी नोटिफिकेशन्स त्याच लाइननं येतात. ॲपलनं हे २००९ मध्ये सुरू केलं, गूगलनं २०१० मध्ये. आधी एक किल्ली चिपमध्ये टाकली की गूगलच्या सर्व्हरला थेट सांगता यायचं. ती जुनी पद्धत २०२४ मध्ये बंद झाली. नव्या पद्धतीतली सह्या-शिक्क्यांची भानगड एवढ्याशा चिपला जडच जाते. म्हणून मी टेलिग्रामचा बॉट केला. चिप बॉटला सांगते, बॉट आम्हा दोघांना. फक्त बॉट आपणहून कोणाशी बोलायला जात नाही, आधी आपण ‘स्टार्ट’ दाबावं लागतं. बाबांनी ते चष्मा लावून, मुहूर्त केल्यासारखं दाबलं.

आणि ते एकेचाळीस टिंग? भरत आलेल्या टाकीत पाणी हिंदकळतं, फ्लोट वर-खाली नाचतो आणि दर नाचाला एक मेसेज! उपाय साधा. फ्लोट दहा सेकंद वर स्थिर राहिला तरच मेसेज, आणि पाणी पुन्हा खाली जाईपर्यंत दुसरा नाही. त्यानंतर रोज एकच टिंग. बाबा खाली बसूनच मोटर बंद करायला लागले. मी खूश!

एका गुरुवारी टिंग आलंच नाही. दहा वाजले, साडेदहा. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. पोटात गोळा. शेजारच्या काकूंना पळवलं. बाबा मस्तपैकी अंगणात पेपर वाचत बसलेले! मोबाइल आत चार्जिंगला, आणि त्या चार्जरसाठी त्यांनी राउटरचा प्लग काढला होता.

त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. नोटिफिकेशन काहीतरी घडलं की येतं. येत नाही तेव्हा काही घडलं नाही, की सांगणाराच बंद पडलाय, हे कळत नाही. यावर उपाय जुनाच आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला एमक्यूटीटी नावाची पद्धत तयार झाली. तीत ‘लास्ट विल’ म्हणजे चक्क मृत्युपत्राची सोय आहे. चिप आधीच सर्व्हरकडे निरोप ठेवते, ‘मी अचानक गप्प झाले तर हे सांगा.’ आता साताऱ्याचं वाय-फाय गेलं की दीड-दोन मिनिटांत मला कळतं.

मी हे सगळं कौतुकानं बाबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘छान आहे गं. माझी टाकी, माझं वाय-फाय, सगळं तुला कळतं. तुझं मला काय कळतं?’

खरंच की! रात्री दहा-दहाला ऑफिसातून निघते, फोन करायचा राहतो. बॉटला उलटा निरोपही देता येतो. चिप दर काही सेकंदांनी विचारत राहते, ‘माझ्यासाठी काही आहे का?’ बोर्डावर एक छोटा निळा दिवा असतो. तशीच दुसरी चिप बाबांच्या टीव्हीशेजारी ठेवली. मी घरी आले की ‘पोचले’ टाइप करते. साताऱ्यात दिवा लागतो. बाबा तो बघतात आणि झोपायला जातात.

परवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले आणि घरी येऊन तशीच झोपले. साडेबाराला फोन वाजला. ‘अगं, दिवा लागला नाही.’

‘सॉरी बाबा, विसरले.’

‘असू दे. आता लाव.’

लावला.