तेल बदलतानाचे सोवळे

दिवाळीत सुरतेला ताईकडे गेलो होतो. सुरत म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातले १६६४ आणि १६७० आठवते. महाराजांनी दोनदा लुटली ती सुरत! पण उधना, डिंडोली, लिंबायत या भागांत फिरले की मराठी माणूस बुचकळ्यात पडतो. दुकानाची पाटी गुजराती आणि दुकानातले बोलणे अहिराणी. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेने खानदेशातली कितीतरी कुटुंबे इथे कापडाच्या धंद्यात आणून सोडली. आमचे भावजी त्यांपैकीच एक. कापड मार्केटात हिशेबनीस आहेत. सुरतेची मार्केटे दिवाळीला बंद झाली की लाभपाचमीशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे भावजींना एरवी न मिळणारी फुरसत असते आणि त्या फुरसतीत ते एक ठरलेले काम करतात. आपल्या जुन्या स्प्लेंडरचे इंजिन ऑइल स्वतः बदलतात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. भावजींनी आधी गुजराती वर्तमानपत्र पसरले. गाडी चार-पाच मिनिटे चालू ठेवून बंद केली, मेन स्टँडवर सरळ उभी केली. हातांत रबरी मोजे. नट सोडायला उघड्या तोंडाचा पाना नको, रिंगचाच हवा. तेल निथळत असताना नटाचा वॉशर त्यांनी फेकून दिला आणि खिशातून कागदात गुंडाळलेला नवा काढला. भाचा कॉलेजात जातो. तो जिन्यावरून हसत म्हणाला, ‘‘मामा, पप्पांचं सोवळं बघितलंत? गॅरेजवाला हेच काम पाच मिनिटांत करतो.’’

भावजी काही बोलले नाहीत. पण ‘सोवळे’ हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो गोव्याला परत येईपर्यंत गेला नाही.

आपल्या घरांतून सोवळे कसे चालायचे ते माझ्या पिढीने थोडेफार पाहिले आहे. नेसूचे वेगळे, पाणी वेगळे, अमक्याने शिवायचे नाही. त्यातले काही आरोग्याच्या सोयीचे होते, काही निव्वळ धाकाचे आणि काही तर माणसांना दूर ठेवण्यासाठीचे होते. गंमत म्हणजे पाळणाऱ्याला यातला फरक कधी कळला नाही, कारण ‘का’ हे विचारायचीच सोय नव्हती. पुढच्या पिढीने ते टाकले तेव्हा सगळेच एका गाठोड्यात बांधून टाकले. भाच्याचे तसेच होते आहे असे मला वाटले. तेव्हा भावजींच्या प्रत्येक सोवळ्याला ‘का’ विचारून बघू या. मी काही मेकॅनिक नव्हे, कला शाखेचा पदवीधर कारकून आहे. पण वीस वर्षे स्वतःच्या गाडीचे तेल स्वतः बदलतो आणि त्यात चुकाही भरपूर केल्या आहेत.

इंजिन आधी गरम का करायचे? थंड तेल घट्ट असते, ते सगळे बाहेर येत नाही आणि तळाचा गाळ आतच राहतो. एखाद्या वेळी नाही केले तर आभाळ कोसळत नाही. फार तापवले तर मात्र हात भाजतो.

वॉशर नवा का? तो मऊ ॲल्युमिनियमचा असतो. एकदा दाबला गेला की त्या जागेचा आकार घेतो. जुनाच घातला तर कधी गळत नाही, कधी थेंब थेंब गळतो. मग आपण काय करतो? नट आणखी आवळतो. खरा घोटाळा तिथे आहे. नट पोलादी आणि इंजिनचे कवच ॲल्युमिनियमचे. जास्त आवळले किंवा नट तिरका बसवला की कवचाचे आटे जातात. माझे गेले आहेत! दहा-पंधरा रुपयांचा वॉशर वाचवायला गेलो आणि नवे आटे पाडून घ्यायला गाडी दोन दिवस वर्कशॉपमध्ये ठेवावी लागली. भावजी नटाचे पहिले चार-पाच फेरे बोटांनीच देतात, मग पाना लावतात. त्यांना मोजून अर्धा मिनिट जास्त लागला असेल.

तेलाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे का वाचायची? बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून त्यांना ‘जासो एमए’ असे लिहिलेले तेल लागते. स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळा, त्यामुळे तिच्यासाठी ‘एमबी’चे जास्त निसरडे तेल चालते. स्कूटरची बाटली मोटारसायकलमध्ये ओतली तर क्लच घसरू शकतो. तेलाची पातळीही तशीच. स्कूटरला साधारण पाऊण लिटर तेल पुरते. बाटलीत उरले म्हणून बाकीचे ओतून टाकले तर तेलाला फेस येतो, इंजिनवर उगाच ताण पडतो. उरलेले तेल म्हणजे उरलेला प्रसाद नव्हे, की संपवलाच पाहिजे.

आता उलट बाजू. दर वेळी इंजिन डिझेलने धुणे, शेवटचा थेंब पडेपर्यंत तासभर गाडी तिरकी धरून बसणे, पुस्तिकेत सांगितले त्याच्या निम्म्या किलोमीटरलाच तेल बदलणे, अमक्याच कंपनीचे तेल हवे म्हणून हटून बसणे, वरून कसली कसली औषधे ओतणे... हे मला खरोखरच सोवळे वाटते. डिझेल आत राहिले तर नवे तेल पातळच होते. ही कामे करणाऱ्याला समाधान मिळते, इंजिनला काही मिळत नाही.

मग फरक ओळखायचा कसा? मी स्वतःपुरते दोन प्रश्न ठरवले आहेत. हे केले नाही तर नेमके काय बिघडेल? आणि बिघडले तर ते परत नीट करता येईल का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तेल थोडे कमी निथळले तर पुढच्या वेळी निघेल. गेलेले आटे आपोआप परत येत नाहीत.

दुपारी जेवताना भावजींनी २००६ची गोष्ट सांगितली. तेव्हा ते अडाजणला भाड्याने राहत होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उकाई धरणातून पाणी सोडले आणि तापीने शहराचा बहुतेक भाग बुडवला. पाणी ओसरल्यावर गल्लीत जो तो आधी आपल्या गाडीकडे धावला. शेजाऱ्याने चिखल पुसून किक मारायला सुरुवात केली. गाडी चालू झालीही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी प्लग काढून आतले पाणी बाहेर काढले आणि तेलाचा नट उघडला. तेल कसले, दुधाच्या चहासारखे पांढरट पाणी आले! स्वस्तातले तेल भरून गाडी दोन-चार मिनिटे चालवली, तेही काढून टाकले आणि मग चांगले तेल भरले. शेजाऱ्याची गाडी महिन्याभरात खडखडू लागली, पुढे तिचे इंजिन उघडावे लागले. भावजी तीच स्प्लेंडर आजही चालवतात. २०२१च्या जुलैत आपल्याकडे सत्तरी-डिचोलीत पूर आला होता, तेव्हा ही गोष्ट मला ठाऊक असती तर दोघा-तिघांना तरी सांगितली असती.

पण मला सर्वांत लागले ते भावजींचे शेवटचे काम. जुने तेल त्यांनी रिकाम्या बाटलीत गाळणीने भरले, झाकण घट्ट लावले, बाहेरून पुसले आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन दिले. त्याच्याकडचे पिंप भरले की पुनर्शुद्धीकरणवाले येऊन नेतात. वापरलेले तेल आपल्या कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. २०१६च्या नियमांत ते आहे आणि एप्रिल २०२४पासून तेल बनवणाऱ्यांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची विषारी द्रव्ये असतात. रबरी मोजे त्यासाठीच.

आणि मी? मी इतकी वर्षे ते तेल परसातल्या माडाच्या मुळाशी ओतत आलो. थोडे वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासले. आमच्या वाड्यावर सगळेच असे करतात. माड जिवंत आहे, म्हणजे काही बिघडत नाही असे मी समजत होतो. माडापासून आमची बांय पंधरा पावलांवर आहे. नळ आला तरी शेजारची म्हातारी अजून पिण्याचे पाणी तिथूनच नेते. एका वर्षी पहिल्या पावसानंतर पाण्यावर मोरपिसासारखी झळाळी दिसली होती. पाने कुजली असतील म्हणून मी विषय संपवला. ती झळाळी तेलाचीच होती का, हे आता कोण सांगणार? पण वर दिलेले दोन प्रश्न मी तेव्हा विचारले नव्हते, एवढे मात्र खरे.

आमच्या खात्यात फाईलच्या प्रत्येक पानावर आकडा घालायची पद्धत आहे. नवीन मुले त्याला हसतात. शंभरातल्या नव्व्याण्णव फाईलींत त्याचा काही उपयोग होत नाही हे खरे आहे. ज्या फाईलीतून एक कागद गायब होतो, त्या दिवशी तो आकडा नसेल तर कुणाची तरी जमीन जाते. बारीक काळजीचे दुर्दैव हे, की ती कामाला आली तेव्हा काहीच घडत नाही आणि काही न घडल्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

भाच्याला निघताना एवढेच म्हणालो, ‘‘बाबा रे, सोवळे टाक, पण एकेक बघून टाक.’’ तो हसला. परत आल्यावर मी मात्र पायलटांच्या स्टँडजवळच्या गॅरेजात जाऊन विचारून आलो, जुने तेल घेता का म्हणून. घेतात. इतकी वर्षे विचारलेच नव्हते.

शेजारच्या म्हातारीला अजून काही सांगितलेले नाही. बांयचे पाणी आधी तपासून घ्यायचे आहे.