आमची बॅच म्हणजे नेमकं कोण?

२०२४ साली आमच्या वर्गाला दहावी होऊन चाळीस वर्षं झाली. रे रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची शाळा. घोडपदेव, काळाचौकी, कॉटन ग्रीन आणि खाली दारूखान्याच्या वस्तीतून मुलं-मुली तिथे यायची. कुणाचे वडील गिरणीत, कुणाचे गोदीत, कुणाचे लाकडाच्या वखारीत. चाळीस वर्षांच्या निमित्ताने वर्गातल्या मुलांनी (साठीकडे झुकले तरी आम्ही त्यांना मुलंच म्हणतो) दोन गोष्टी ठरवल्या. दापोलीला दोन रात्रींची सहल काढायची, आणि वर्गणी काढून शाळेतल्या गुणवंत विद्यार्थ्यांना दरवर्षी शिष्यवृत्ती द्यायची.

दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण पहिल्या बैठकीत नावांची यादी फिरली आणि मी अडखळले. आठवीत आमच्या वर्गात मुलींच्या बाकांची एक अख्खी रांग भरलेली असायची. यादीत मुली होत्या अकरा. मी विचारलं, "बाकीच्या कुठे आहेत?" उत्तर आलं, "अगं, ही दहावी पास झालेल्यांची यादी आहे. बॅच म्हणजे दहावीचीच ना?"

कुणी वाईट हेतूने बोललं नव्हतं. म्हणूनच त्या उत्तराबद्दल लिहावंसं वाटलं. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता गल्लोगल्ली होतात. व्हॉट्सॲपने ते सोपं केलं आहे. आपल्यापैकी अनेकजणी अशा गटांत आहेत. तिथे सहल आणि शिष्यवृत्ती या दोन निरुपद्रवी विषयांवर चर्चा चालते, आणि त्यात बायकांचा प्रश्न कुठे आला, असं आपल्यालाही वाटतं. माझं म्हणणं असं की तो यादीपासूनच सुरू होतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही आठवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबला की घरात काय काय थांबतं हे आम्ही क्रमाने पाहिलं. आधी दूध गेलं, मग वाण्याची उधारी बंद झाली, मग आईच्या गळ्यातलं गेलं. आया कामाला लागल्या. कुणी पापड लाटायला घेतले, कुणी धुणीभांडी धरली. खानावळी चालवणाऱ्या बायकांनी तर गिरणगावाला वर्षानुवर्षं पोसलं होतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांच्या कष्टावर आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. पण संपात खानावळीत जेवणाऱ्यांकडेच पैसे नव्हते.

आई बाहेर पडली की धाकटी भावंडं कुणी बघायची? पाणी कुणी भरायचं? रॉकेलच्या रांगेत कुणी उभं राहायचं? ही कामं थोरल्या मुलीच्या अंगावर आली. नववीच्या वर्षात बाक एकेक करून रिकामे झाले. काहीजणी कुटुंबासह कोकणात गावी गेल्या, काहींची सोळाव्या वर्षी लग्नं उरकली.

आमच्या बैठकीत एकजण म्हणाला, "मुलंही सुटलीच की शाळेतून." खरं आहे. काहीजण गोदामात हमाली करू लागले, काहीजण दारूखान्यात जहाजं तोडायच्या कामावर गेले. त्यांचीही नावं यादीत हवीत, असंच मी म्हणते. पण एक फरक होता. मुलगा शाळेतून निघाला तेव्हा तो कामाला लागला असं सगळे म्हणाले, आणि त्याच्या हातात चार पैसे आले. मुलगी निघाली तेव्हा ती घरी बसली असं म्हटलं गेलं. दिवसभर उभी राहून काम करणारी मुलगी घरी 'बसली'!

आम्ही तिघीजणी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी कारकुनासमोर बसून जनरल रजिस्टर बघू दिलं. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडल्याचे कारण. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींच्या नावापुढे एकच ओळ होती: पालकांच्या विनंतीवरून. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, आणि शाळा सोडली पालकांच्या विनंतीवरून. मुलीची विनंती काय होती याला रकाना नव्हता. मधूनच शाळा सोडलेल्या सतरा मुलींची नावं आम्ही वहीत उतरवून घेतली.

मग शोधाशोध. मुलगा शोधणं सोपं होतं. नाव तेच, आडनाव तेच, पुष्कळदा चाळ किंवा तिच्या जागी उभा राहिलेला टॉवरही तोच. मुलीचं आडनाव बदललेलं, काहींचं तर सासरी पहिलं नावही बदललेलं. माहेरची खोली विकलेली. फेसबुकवर शोधायचं तरी कुठल्या नावाने? आपल्याकडे बायको झालेल्या मुलीची नोंद अशी पुसली जाते की तिच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणीलाही ती सापडू नये. सतरांपैकी सहाजणींचा पत्ता लागला. दोघी वारल्या होत्या.

चौघींपैकी एक नालासोपाऱ्याला पोळीभाजीचे डबे करते. तिला फोनवर सहलीचं सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "पण मी तुमच्या बॅचमध्ये होते का गं?"

या प्रश्नाचं उत्तर आपण संघटनांमध्ये कधीच शिकलो आहोत. यादी कोण करतं यावर कोण दिसतं हे ठरतं. आमच्या शाळेपासून जवळच, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची १९८५ साली स्पार्क संस्थेने लोकांना बरोबर घेऊन गणना केली. तिच्या अहवालाचं नावच होतं 'वुई, द इन्व्हिजिबल', म्हणजे न दिसणारे आम्ही. पुढे त्यांच्यातल्याच बायकांनी महिला मिलन उभं केलं, रोजची थोडी थोडी बचत सुरू केली आणि आपल्या घरांची बोलणी स्वतः केली. पालिकेच्या कागदावर नसलेल्या बायकांनी जर आपली यादी आपण करून घेतली, तर आमच्या वर्गाला जमू नये? बॅच म्हणजे दहावीच्या निकालाचा कागद नव्हे. बॅच म्हणजे वर्गाचा हजेरीपट.

आता सहलीचं. बायकांनी फिरायला जाण्याला मी चैन मानत नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा सगळा प्रवास सासर, माहेर आणि दवाखाना एवढाच झाला. गणपतीला गावी जाणं म्हणजे मुंबईची चूल सोडून गावची चूल धरणं. दारूखान्यातल्या मैत्रिणींना लहानपणी दारातून समुद्र दिसायचा, पण लाँचमध्ये कधी बसल्या नाहीत. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं. तिकीट अर्धं झालं म्हणून घरची परवानगी सोपी झाली असं नाही. डबेवाल्या मैत्रिणीने दापोलीचं नाव ऐकून लगेच सांगितलं, "दोन रात्री? सासूबाई अंथरुणावर आहेत. आणि डबे कोण देणार?" तिने पैशाचं बोलायचं टाळलं. पण माणशी सहा हजार म्हणजे तिला काय, ते मला कळत होतं.

दोन रात्री आणि माणशी सहा हजार, हे ठरवताना कुणी तिला वगळायचं ठरवलं नव्हतं. ज्याच्या घरी मागे कुणीतरी स्वयंपाक करतं, त्याच्या सोयीने सहल आखली की बाकीच्या आपोआप गळतात. मग मागाहून म्हणायचं, "आम्ही बोलावलं होतं, बायकाच येत नाहीत."

आम्ही सुचवलं की एक सहल एका दिवसाची काढा. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला, संध्याकाळी परत. वर्गणी ज्याला जमेल तशी, पाकिटात, नाव न लिहिता. दुसऱ्या बैठकीत यावर बराच वाद झाला. "पिकनिकमध्येही तुमची स्त्रीमुक्ती?" असं ऐकावं लागलं. पण सहल निघाली. नालासोपाऱ्याची मैत्रीण आली. आदल्या रात्री जागून तिने डबे भरले आणि ते पोचवायला मुलाला पाठवलं. त्या दिवशी तिला तिच्या माहेरच्या नावाने हाका मारणारे आम्ही सगळे होतो.

शिष्यवृत्तीचं मात्र अजून अडलेलं आहे, आणि तो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुमत असं की नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या तिघांना, स्टेजवर, शाल आणि चेक द्यावा. गुणवंतांचं कौतुक जरूर व्हावं. पण आमच्या वर्गातून ज्या गळल्या त्या गुण कमी पडले म्हणून गळल्या नव्हत्या.

सरकारी योजनांकडे पाहा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं पाऊल आहे. पण ती माफी शाळा संपल्यावर मिळते. नववीत शाळा सुटलेली मुलगी तिथवर पोचतच नाही. नववी-दहावीत फी माफ असली तरी क्लास, चष्मा, सॅनिटरी पॅड, रेल्वेचा पास हा खर्च असतोच, आणि घरात आजारपण आलं की पहिली रजा मुलीचीच पडते. नेमक्या या दोन वर्षांच्या फटीत आमच्या मैत्रिणी पडल्या आणि आजही मुली पडतात.

म्हणून आमची मागणी अशी आहे. निम्मी रक्कम नववी-दहावीत शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलींसाठी ठेवा. कुणाला गरज आहे हे वर्गशिक्षिकेला हजेरीवरून कळतं, तिला विचारा. दहावी नापास झालेलीला परत बसायची फी द्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्या कुठल्याही वयाच्या बाईला द्या, रात्रशाळेत जाणारीला द्या. पैसे तिच्या आणि आईच्या नावाच्या खात्यात जाऊ देत. आणि तिला स्टेजवर उभी करून तिच्या गरिबीचा फोटो काढू नका.

समितीने 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं आहे. पुढच्या वर्षी बघू या शब्दांवर किती मुलींच्या शाळा सुटल्या, हे आम्ही रजिस्टरमध्ये वाचलं आहे. तेव्हा आम्ही अकराजणींनी आपली वर्गणी वेगळी काढली आहे. रक्कम मोठी नाही. पहिले पैसे सतरा नंबरच्या एका फॉर्मसाठी जातील. तो फॉर्म छप्पन वर्षांची आमची एक वर्गमैत्रीण भरते आहे. नालासोपाऱ्याहून.

मैत्रिणींनो, तुमच्याही शाळेचा असा गट असेल. पुढच्या सहलीची चर्चा निघेल तेव्हा खर्चाआधी यादी मागा, आणि दहावीची नको, पाचवीची मागा. मग रिकाम्या बाकांवरच्या एकेकीचं माहेरचं नाव मोठ्याने वाचा.