भोपळा आणि मुखवटा

ऑक्टोबरचा महिना सरत आला की अमेरिकेतील बालवर्गांचे रूप पालटते. भिंतींवर लाल-पिवळी पाने चढतात, खिडकीत भला थोरला तांबडा भोपळा येऊन बसतो आणि 31 तारखेच्या हॅलोविनला पाच-पाच वर्षांची मुले भुताखेतांची, चेटकिणींची, अंतराळवीरांची सोंगे घेऊन शाळेच्या आवारात मिरवतात. अलीकडे आपल्या देशातील शहरी खाजगी पूर्वप्राथमिक शाळांतूनही ही सोंगे अवतरू लागली आहेत. त्यावर ‘पाश्चात्त्यांचे अंधानुकरण’ असा एका ओळीचा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला मात्र निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपण नेमके कशाचे अनुकरण केले, आणि अनुकरण करण्याजोगे जे होते ते कुठे राहिले?

हॅलोविन ही सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या होय. तिच्या मुळाशी केल्ट लोकांचा हिवाळ्याच्या तोंडावरचा प्राचीन सण आहे. सुगी संपली, रात्री वाढू लागल्या, की मृतांचे आत्मे घराकडे फिरकतात अशी त्यांची श्रद्धा होती. 2 नोव्हेंबरला आपले ख्रिस्ती शेजारी आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, आणि आपण भाद्रपदात पितरांना पान वाढतो. मृतांचे स्मरण वर्षाच्या उतरत्या काळात करावे ही भावना अनेक समाजांत आढळते. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये या रात्री शलगमाचे कंद कोरून दिवे करीत. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने लाखो आयरिश माणसे अमेरिकेला गेली, आणि तिथे कोरायला सोपा असा भोपळा त्यांच्या हाती लागला. म्हणजे भोपळ्याचा तो हसरा, दंतुर चेहरा मुळात निर्वासितांनी बरोबर नेलेल्या आठवणीचा आहे.

या भोपळ्याचे चांगली शिक्षिका काय करते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम ती मुलांना तो उचलू देते, हुंगू देते, त्याच्या शिरा मोजू देते. मग प्रत्येकाने आपल्या अदमासाने दोरा कापायचा आणि तो भोपळ्याच्या पोटाभोवती पुरतो का ते पाहायचे. कुणाचा तोकडा पडतो, कुणाचा वीतभर उरतो. परिघाचा पहिला धडा तिथेच होतो. त्यानंतर पाण्याने भरलेले टोपले येते. एवढा जड भोपळा बुडणारच, असे बहुतेक मुले छातीठोकपणे सांगतात. तो तरंगतो. वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग ‘का?’ हा प्रश्न आपोआप उमटतो. भोपळा चिरल्यावर आतली पोकळी दिसते, तेव्हा त्याचे उत्तर हाताला लागते. बियांचे दहा-दहाचे ढीग करून मोजणी होते. मोठ्या भोपळ्यात बिया अधिक असतातच असे नाही, हेही ध्यानात येते. उरलेला तुकडा काचेच्या बरणीत मातीवर ठेवला की आठवड्या-आठवड्याला त्याच्यावर बुरशी कशी चढते, तो कसा मातीत मिसळतो आणि जमल्यास त्याच मातीतून कोंब कसा वर येतो, हे मुले पाहतात. जन्म आणि मृत्यू यांविषयी मुलाला सांगण्याचा याहून सौम्य मार्ग आम्हांला माहीत नाही.

पानांचेही तसेच. मुले आवारातून पाने वेचून आणतात, रंग, आकार आणि कडा यांनुसार लावतात, कागदाखाली ठेवून वरून खडू घासतात आणि शिरांचे ठसे उमटवतात. दिवस लहान होऊ लागले की पानांतले हरितद्रव्य नाहीसे होत जाते आणि आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो, हे शास्त्र पाच वर्षांच्या मुलाला समजेल इतक्या साध्या शब्दांत सांगता येते. मुखवट्याचेही प्रयोजन आहे. शिक्षिका मुलांसमक्ष तो चढवते, उतरवते. ‘आत मीच आहे’ हे मुलाला कळते आणि भीती त्याच्या मुठीत येते. ज्याला तरीही भीती वाटते, त्याला सक्ती करायची नसते.

या पद्धतीमागे मोठा इतिहास आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांचा बगीचा, हे नाव दिले. खेळ हेच बालकाचे काम, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रशियाच्या सरकारला या बगीच्यातही राजद्रोहाचा वास आला आणि 1851 मध्ये त्यावर बंदी आली. ती 1860 मध्ये उठली. फ्रोबेल ते पाहायला उरले नव्हते. दरम्यान 1848 ची क्रांती फसल्यावर देशोधडीला लागलेल्या जर्मन कुटुंबांनी हे रोप अमेरिकेत नेले. विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट शुर्झ यांनी 1856 साली पहिला बालवर्ग भरवला आणि 1873 मध्ये सेंट लुईस येथे सूझन ब्लो यांनी तो सार्वजनिक शाळेत आणला. मुलाला मोकळेपणी खेळू देणे सत्तेला धोक्याचे वाटू शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आज त्या अमेरिकेतच हा बगीचा आक्रसतो आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मुलांनी बालवर्गातच वाचायला शिकले पाहिजे असे मानणारे शिक्षक 1998 साली 31 टक्के होते. 2010 मध्ये ते 80 टक्के झाले. त्याच काळात चित्रकला आणि संगीत यांचा वेळ घटला, वर्गातले नाटुकल्यांचे कोपरे, वाळू-पाण्याची मेजे कमी झाली. कित्येक शाळांनी हॅलोविनच बंद करून त्याजागी ‘शरदोत्सव’ सुरू केला आहे. काही कुटुंबांना तो सण धर्मदृष्ट्या मान्य नसतो, काहींना पोशाखाचा खर्च झेपत नाही. या कारणांचा आम्ही आदर करतो. भोपळा, पाने आणि सफरचंदे राहिली तर मुखवटा गेल्याने मुलाचे फारसे बिघडत नाही. परंतु मुखवट्याबरोबर भोपळाही गेला आणि त्याच्या जागी परीक्षेचा कागद आला, तर ते नुकसान भरून येणारे नाही.

आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. अनेक ठिकाणी मुखवटा विकत आणला गेला आणि भोपळा बाजारातच राहिला. एक दिवस काळा झगा, छायाचित्रे, गोळ्या-चॉकलेटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेतीन-चार वर्षांच्या कोवळ्या बोटांत पेन्सिल आणि परक्या भाषेतील अक्षरांची गिरवणी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला. 2022 च्या आराखड्याने खेळ, गोष्टी, परिसरातील वस्तू आणि घरची भाषा यांवर भर दिला. कागदावर हे सारे आले. शाळेच्या शुल्कपत्रिकेत मात्र ते दिसत नाही. वास्तविक आपल्याला हे सांगायला परदेशी पाहुणा नको होता. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते काम वाढवले. बिया, शिंपले, पाने, माती हेच त्यांचे साहित्य होते. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या अंगणात त्यांनी शाळा नेली.

आणि गोव्यात तर शरदाचे साहित्य दारात पडलेले आहे. चवथीची माटोळी म्हणजे टांगलेले वनस्पतिशास्त्रच. नारळ, सुपारीचा घड, तोरिंजन, चिबूड, कांगलां, कवंडळ यांची नावे आज किती मुलांना सांगता येतील? ती उतरवल्यावर एक टोपली बालवाडीत नेली, तर महिनाभराचा अभ्यास होईल. नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली फुटणारे कारीट वर्गात चिरून दाखवता येते. त्याच्या बिया मोजता येतात. मुखवटाच हवा असेल तर नरकासुर आहेच. मात्र रात्रभर कानठळ्या बसवणारा, बक्षिसांच्या चढाओढीत माडाएवढा वाढलेला नरकासुर तो नव्हे. मुलांनी गवत आणि रद्दी कागद यांतून आपल्या हातांनी उभारलेला, कमरेएवढा नरकासुर आम्हांला अभिप्रेत आहे. भयाला आकार द्यायचा आणि सकाळी त्याचीच राख पाहायची, हा धडा हॅलोविनच्या कोणत्याही सोंगापेक्षा उणा नाही. ख्रिस्ती मित्राच्या घरच्या कणसाच्या फेस्ताची गोष्टही त्याच वर्गात सांगितली गेली पाहिजे. वर्ग सगळ्यांचा आहे.

पालकांना आमची विनंती एवढीच की, मूल घरी आले म्हणजे ‘आज काय लिहिलेस?’ असे विचारू नये. ‘आज काय हाताळलेस, कशाचे नवल वाटले?’ असे विचारावे. शाळा निवडतानाही हाच प्रश्न शाळेला विचारावा. सरकारने बालवाडीताईंच्या प्रशिक्षणावर आणि मानधनावर आखडता हात घेऊ नये. भोपळा स्वस्त असतो, त्याच्याभोवती मुलांना बोलते करणारी बाई घडवायला मात्र खर्च येतो. सण कुठला साजरा केला याची चर्चा आपण पुष्कळ करतो. जड भोपळा पाण्यावर तरंगताना पाहून आपल्या मुलाच्या तोंडून ‘का?’ निघाले की नाही, याची चौकशीही आता झाली पाहिजे.