जटायूच्या कुळाची गणती

 कीर्तनात आम्ही जटायूचे आख्यान लावतो तेव्हा इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद श्रोत्यांस आठवते. गिधाड मात्र तरुणांपैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. आमच्या बालपणी गावाबाहेर मेलेल्या गुरावर त्यांचे थवे उतरत. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात सुमारे एक उरली. गुरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले व मूत्रपिंडे निकामी झाली. कारण २००४ मध्ये उजेडात आले. जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. गोमातेवर दया करतानाच हे घडले, ही गोष्ट आम्हांस विशेष बोचते.

रिकाम्या झालेल्या त्या पंगतीवर भटके कुत्रे बसले, वाढले आणि रेबीजचे भयही वाढले. कुत्री एका वेतात पाच-सहा पिले देते. गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते, तेही सुमारे पाच वर्षांची झाल्यावर. पंधरा वर्षांत गेलेले पंधरा वर्षांत परत येईल कसे?

गाईच्या दुखण्यावर मेलॉक्सिकॅम आहे. ते गिधाडांस बाधत नाही. गोठ्यात डॉक्टर आले की घरधन्याने तेच मागून घ्यावे.